भिंतीला पाठ लावलेल्या ऐंशी रिक्षा

भाऊबीजेनंतरचा सोमवार, दुपारी चारची वेळ. रिक्षा युनियनच्या पत्र्याच्या खोलीत टेबलावर साठ हजारांचे दोन गठ्ठे होते, मिळून एक लाख वीस हजार. हजर आम्ही पाच जण: युनियनचे अध्यक्ष सुभाषआबा, चालकांच्या वतीने योगेश, खजिनदार म्हणून मी, आणि पैसे घेऊन आलेले दोघे. त्यातले एक राजूशेठ, सिमेंटच्या दुकानाचे मालक. दुसऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते शिकवण्या घ्यायचे. राजूशेठ एका उमेदवाराचं काम बघत होते, मास्तर त्याच्या विरोधातल्या उमेदवाराचं. दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. चहा आला तेव्हा मास्तरांनी साखर कमी आहे का असं विचारलं, तेही माझ्याकडे बघून.

ते वर्ष विधानसभेच्या निवडणुकीचं होतं. उमेदवारांची आणि पक्षांची नावं मी इथे लिहिणार नाही. जळगावात ज्यांना कळायची त्यांना ती कळतील, आणि बाहेरच्यांना कळून काही उपयोग नाही.

मी एकवीस वर्षं रिक्षा चालवली. कंबर धरली म्हणून गाडी विकली आणि आता पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, पण युनियनची खजिनदारी सुटली नाही. दर वर्षी कोणी दुसरा घ्या म्हणतो आणि दर वर्षी सगळे खाली बघतात. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला वाटलं, गिऱ्हाइकांच्या गमती लिहाव्यात. त्या आहेतच. लग्नाचं सोनं घ्यायला बाहेरगावहून येणारी मंडळी स्टेशनवर उतरली की सराफ बाजार असं कधीच म्हणत नाहीत, "बाजारात सोडा" म्हणतात. परतताना चौघांमध्ये एक पिशवी असते आणि ती कायम सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर असते. एकदा अशा एका आजींनी मला वाटेत दोनदा थांबायला लावलं, कारण मागची मोटारसायकल त्यांना बरी दिसत नव्हती. मोटारसायकलवर त्यांचाच नातू होता. असं पुष्कळ सांगता येईल. पण त्या वर्षी जे झालं ते कुठेतरी लिहून राहिलं पाहिजे, म्हणून तेच लिहितो.

स्टँड कसा चालतो हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टेशनच्या कंपाउंडच्या भिंतीलगत आमच्या रिक्षा एकामागे एक उभ्या राहतात. आधी आला त्याचा आधी नंबर. गाडी आली, प्रवासी बाहेर पडले, की पहिली रिक्षा निघते आणि बाकीच्या एक एक घर पुढे सरकतात. प्रवासी कोण, भाडं कुठलं, हे रिक्षावाल्याने निवडायचं नाही आणि रिक्षा प्रवाशाने निवडायची नाही. हे सांभाळायला रांगेच्या तोंडाशी एक माणूस बसतो. त्याला आम्ही नंबरवाला म्हणतो. प्रत्येक नंबरमागे रिक्षावाला त्याला दोन रुपये देतो. भाडं पन्नासचं असो की अजिंठ्याचं दीड हजाराचं, नंबरचे दोनच.

आमचे नंबरवाले सलीमभाई. पारोळ्याजवळ महामार्गावर एका ट्रकने त्यांची रिक्षा उडवली तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्यानंतर युनियनने त्यांना स्टुलावर बसवलं. काखेत कुबडी, हातात वेताची काठी. काठी टपावर टेकवली की ती रिक्षा सुटली. घरात बायको आणि दोन मुली. त्या दोन-दोन रुपयांवर त्यांचं घर चालत होतं.

आता मुद्द्यावर येतो. दोन्ही बाजूंना रिक्षांच्या मागे आपापल्या उमेदवाराचा फोटो हवा होता. एका गाडीचे दीड हजार, मतदानापर्यंत. परवानगी त्यांनीच काढायची. राजूशेठना ऐंशीच्या ऐंशी गाड्या हव्या होत्या, मास्तरांनाही; निम्मे पैसे आगाऊ म्हणून दोघांनी साठ-साठ हजार आणले होते. योगेश राजूशेठच्या बाजूचा होता. वय एकतीस, बोलायला चांगला, गळ्यात पक्षाचं उपरणं. पुढच्या महापालिकेला तुझं नाव पुढे करू, असं त्याला सांगितलेलं होतं. उलट बाजूला ओढणारेही स्टँडवर तेवढेच होते.

सुभाषआबांना कुठलाही प्रश्न अर्धा केला की सुटला असं वाटतं. ते म्हणाले, "भाऊ, भांडण कशाला? चाळीस यांचे, चाळीस त्यांचे. कोणी रुसायचं नाही."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी फक्त पावतीचं विचारलं.

राजूशेठ हसले. "प्रकाशभाऊ, पावती घेऊन काय देव्हाऱ्यात ठेवायची आहे का?"

"देव्हाऱ्यात नाही, फायलीत," मी म्हटलं.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. मग राजूशेठनाही सही करावी लागली. पैसे त्याच संध्याकाळी वाटले गेले. दिवाळीच्या उधाऱ्या होत्या, बऱ्याच जणांचे घरी पोचण्याआधीच संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर आली आणि आम्ही काय करून बसलो ते कळलं. पहिल्याच प्रवाशाच्या गळ्यात उपरणं होतं. पुढची रिक्षा दुसऱ्या उमेदवाराच्या फोटोची. तो म्हणाला, "यात मी बसणार नाही."

सलीमभाई म्हणाले, "शेठ, फोटो मागे आहे. तुम्ही आत बसणार."

"लोक काय म्हणतील? मागची द्या."

"मागचीचा नंबर नाही."

तो चालत निघून गेला. त्याच्यामागून आलेल्या दोघांनी मात्र मागच्या रिक्षात बॅगा टाकल्या आणि ती रिक्षा रांग मोडून निघाली. इतक्या वर्षांत मोडली नव्हती ती गोष्ट दहा मिनिटांत दोनदा मोडली. दोंडाईचाकडून आलेली एक अक्का मात्र हे सगळं बघत उभी होती. ती पुढे होऊन म्हणाली, "माले दवाखानामा जानं शे. गाडीना मांगे कोना फोटो शे, त्यानं माले काय करनं?" आणि पहिल्या रिक्षात बसली. पण अशी माणसं थोडी.

तीन दिवसांत स्टँडचं तोंड बदललं. एका डब्यातलं खाणारे दोन टोकांना उभे राहून जेवायला लागले. कोणाचं भाडं सुटलं की सलीमभाईंकडे बोट. योगेश चार लोकांत म्हणाला, "नंबरवर त्यांचाच माणूस बसल्यावर आपल्या गाड्या कशा सुटतील?" त्यांचाच म्हणजे कोणाचा, हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पण त्या बोलण्याचा अर्थ सगळ्यांना लागला. सलीमभाईंनाही लागला. ते काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत राहिले.

त्यातच वाहतूक शाखेचे साहेब येऊन सांगून गेले की मतदानापर्यंत इथे एक जरी हाणामारी झाली तर स्टँड उठवून उड्डाणपुलापलीकडे नेऊ. पुलापलीकडे प्रवासी येत नाही. म्हणजे ऐंशी घरांचा प्रश्न होता, आणि तो एका थपडेवर टांगलेला.

तोड सलीमभाईंनीच काढली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्या रिक्षाला नेहमीसारखं भिंतीलगत सरळ उभं राहू दिलं नाही. "वळव. पाठ भिंतीला लाव." दुसरी आली, तिलाही तेच. अशा सगळ्या रिक्षा एकमेकींना खेटून, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला करून उभ्या राहिल्या. बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला दिसायचे फक्त दिवे आणि काचा. फोटो भिंतीला. कुठली रिक्षा कोणाची हे बसेपर्यंत कळेना, आणि एकदा बसल्यावर उतरून कोण बघतो? दोन दिवस एकही भांडण झालं नाही. मी कारखान्यातून येऊन मुद्दाम बघून जायचो. हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी राजूशेठ तिथून गेले. गाडी थांबवून उतरले, भिंत आणि रिक्षा यांच्यातल्या फटीत डोकावले.

"मी साठ हजार काय भिंतीला दाखवायला दिले?"

आबा म्हणाले, "शेठ, रस्त्यावर तर दिसतातच ना. स्टँडवर उभ्या असतात तेवढंच."

"रिक्षा चालते किती आणि उभी किती असते, हे मला सांगू नका आबा."

हे मात्र खरं होतं. रिक्षा चालते त्यापेक्षा उभी जास्त असते.

त्या संध्याकाळी खोलीत मीटिंग झाली. माणसं दारापर्यंत उभी होती. सलीमभाई बाहेर पायरीवर बसले होते, कारण विषय त्यांचाच होता. आबांनी पैसे परत करायची गोष्ट काढली तेव्हा राजूशेठ म्हणाले, "पैसे नकोत मला. तो माणूस काढा."

मग एकदम सगळे बोलायला लागले. योगेश टेबलावर हात आपटून म्हणाला, "माणूस बदलला तर काय आभाळ कोसळतं का? पद आहे ते, कोणाची जहागीर नाही."

मी म्हटलं, "योगेश, ते पद नाही. ती त्याची रोजी आहे."

"मग आमची रोजी नाही का, भाऊ? तुम्ही तर पगारी माणूस. एक तारखेला खात्यात पडतो तुमचा."

हे लागलं मला, कारण ते खरं होतं. मी खाली बसलो. कोणीतरी दारातून विचारलं, "सलीमभाई, तुम्ही काय म्हणता?"

ते आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "मी नंबर बघतो, भाऊ. बाकी तुम्ही ठरवा."

ठरवलं आबांनी, आणि पुन्हा अर्धं करून. मतदानापर्यंत दोन रांगा. राजूशेठच्या चाळीस रिक्षांची वेगळी रांग, सरळ उभी, फोटो दिसेल अशी. तिला वेगळा नंबरवाला, तो राजूशेठ आणतील. उरलेल्या चाळीस सलीमभाईंकडे. मतदानानंतर बघू. बघू म्हणजे काय हे ज्याला कळायचं त्याला कळलं. अर्ध्या रांगेत सलीमभाईंचं घर चालणार नव्हतं, आणि एकदा दोन रांगा झाल्या की त्या पुन्हा एक होत नाहीत. धुळ्याला एका स्टँडवर असंच झालं होतं आणि तिथे आजही दोन रांगा आहेत.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. स्टँडवर आलो तर राजूशेठनी धुळ्याहूनच माणूस आणला होता. उंच, गळ्यात शिट्टी. तिथल्या बसस्टँडवर नंबर लावायचा म्हणे. जळगावात त्याला ओळखणारं कोणी नव्हतं, एक सोडून. त्याचा मेव्हणा आमच्याच स्टँडवर रिक्षा चालवायचा, राजूशेठच्या चाळिसात. हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास भुसावळकडून गाडी आली. दोन रांगा, मध्ये बारा-पंधरा पावलांचं अंतर. पलीकडे पानटपरीजवळ दोन्ही बाजूंची पोरं जमलेली, हात खिशात. हवालदार चौकात, स्टँडकडे बघत. प्रवाशांमध्ये एक मोठं कुटुंब होतं, पाच जण, सामान कमी. त्यांच्यातला मोठा माणूस म्हणाला, "अजिंठ्याला जायचं, परतीसकट. दोन रिक्षा लागतील का?"

अजिंठा म्हणजे दिवसाचं भाडं. दोन्ही रांगांच्या माना वळल्या. धुळेकराने शिट्टी वाजवली आणि हात केला तो रांगेतल्या चौथ्या रिक्षाला. चौथी रिक्षा त्याच्या मेव्हण्याची.

पहिल्या नंबरवर कोण होतं? योगेश. तासाभरापासून उभा. त्याच्याच बाजूची रांग, त्याच्याच उमेदवाराचा फोटो, त्याच्याच म्हणण्यावरून आणलेला माणूस. पण धुळेकराला योगेश कोण हे माहीत नव्हतं. त्याला फक्त मेव्हणा माहीत होता.

योगेश उतरला. आधी त्याला वाटलं चूक झाली. "ओ दादा, पहिली गाडी माझी आहे."

"मोठी पार्टी आहे. त्याची गाडी नवी आहे, त्याला जाऊ द्या. तुम्हाला पुढची देतो."

योगेश घरी बोलतो तशी अहिराणी बोलायला लागला, म्हणजे मला कळलं की आता अवघड आहे. "तासफाईन उभा शे मी आठे. नंबर मना शे."

मेव्हण्याने रिक्षा बाहेर काढली. योगेश आपल्या रिक्षात बसला आणि त्याने ती आडवी घातली, रस्ता बंद. टपरीवरची पोरं आली, राजूशेठची. त्यातला एक म्हणाला, "योगेशभाऊ, आपलाच माणूस आहे. तमाशा नको."

"आपला म्हणजे कोणाचा?" योगेश म्हणाला.

त्या पोराने त्याच्या दंडाला धरलं. योगेशने हात झटकला. पोराने कॉलर धरली. इकडे सलीमभाईंच्या रांगेतले चालक खाली उतरले, एक एक करून, काही न बोलता. तिकडून मास्तरांची पोरं सरकली. हवालदाराने चौकातून पाऊल उचललं. माझ्या डोक्यात फक्त पुलापलीकडची ती रिकामी जागा होती. मी "अरे, अरे" म्हणत मध्ये गेलो, पण माझं कोण ऐकतं.

तेवढ्यात कुबडीचा आवाज आला. सलीमभाई स्टूल सोडून निघाले होते. त्या रांगेकडे जायला त्यांना मनाई होती, ती मीटिंगमध्ये ठरलेली होती. ते गर्दीतून सरळ आले. कॉलर धरणाऱ्याकडे बघितलं नाही, धुळेकराकडे बघितलं नाही. योगेशच्या आडव्या रिक्षाच्या टपावर काठी टेकवली.

"पहिला नंबर. योगेश, अजिंठा."

कोणी हललं नाही.

"पार्टी उभी आहे उन्हात. जातो की पुढच्याला देऊ?"

पोराचा हात सैल पडला. प्रवाशांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मोठ्या माणसाने दोन लेकरांना उचलून योगेशच्या रिक्षात बसवलं आणि विचारलं, "चहा कुठे चांगला मिळेल वाटेत?" योगेशने कॉलर नीट केली, रिक्षा सरळ केली. सलीमभाई दुसऱ्या रांगेकडे वळले आणि तिथल्या पहिल्या रिक्षावर काठी टेकवली. "दुसरा नंबर. तू यांच्याबरोबर." मग पुन्हा इकडच्या रांगेत, मग तिकडच्या. सकाळी ज्या क्रमाने रिक्षा आल्या होत्या त्या क्रमाने त्यांनी दोन्ही रांगांतून गाड्या सोडल्या. मेव्हण्याचा नंबर आला तेव्हा त्यालाही सोडलं. हवालदार अर्ध्या वाटेत थांबला, घड्याळ बघितलं आणि परत गेला.

दुपारपर्यंत रांग एक झाली होती. कोणी ठराव केला नाही. लोकांनी आपापल्या रिक्षांचे फोटो सोडवायला सुरुवात केली, आधी राजूशेठच्या बाजूच्यांनी, मग मास्तरांच्या. काही फोटो चांगल्या रेक्झिनवर छापलेले होते. ते दोघा-तिघांनी घरी पत्र्यावर टाकायला नेले.

राजूशेठ आले ते तापलेले. पूर्ण साठ हजार मागत होते. आबा म्हणाले, "अर्धे दिवस फोटो दिसले, अर्धे पैसे परत." या वेळी अर्धं करणं चाललं. राजूशेठना मतदानाआधी स्टँडशी वैर नको होतं, ऐंशी घरं आणि त्यांची मतं होती. पण गोळा करताना कोणाकोणाच्या घरात रडारड झाली ते मी पाहिलं आहे. दोघे जण युनियन सोडून गेले, मेव्हणा त्यातला एक. दुसरा माझा शेजारी, तो अजून माझ्याशी बोलत नाही. निवडणुकीत कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे. योगेश अजूनही महापालिकेचं नाव काढतो, पण उपरणं घालून नंबरवर उभा राहत नाही.

शेवटी दिले ते असे. राजूशेठना तीस हजार, सहीनिशी. मास्तर घ्यायला तयार नव्हते, राहू द्या पुढच्या वेळेला म्हणाले. पुढची वेळ नको म्हणून त्यांच्याही हातात तीस हजार ठेवले, त्यांनी दोनदा मोजले. धुळेकर तर त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माझी हजेरी कोण देणार?" राजूशेठ फोन उचलत नव्हते. त्याला एका दिवसाचे पाचशे आणि धुळ्यापर्यंतचं एसटीचं भाडं युनियनने दिलं.

त्या दिवशी योगेश दिवे लागायच्या वेळी अजिंठ्याहून परतला. रिक्षा रांगेच्या शेवटी लावली, चालत स्टुलापाशी आला आणि सलीमभाईंच्या हातात पन्नासची नोट ठेवली. सलीमभाईंनी डब्यातून नाणी मोजून अठ्ठेचाळीस रुपये त्याला परत दिले.